पत्ता दाखवला की चोर थांबतो का?

वागळेइस्टेटकर: माझं पंचांगाचं छोटं ॲप आहे. नवीन ॲप ॲडमॉबला, म्हणजे ॲपमध्ये जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेला, जोडायला गेलो तर आधी ॲप-ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल मागितली. जानेवारी २०२५ पासून नव्या ॲप्सना ती लागते. या ॲपमधली जाहिरातीची जागा कोण विकू शकतो, याची यादी आपल्याच वेबसाइटवर ठेवायची. मी फाइल चुकून सबफोल्डरमध्ये टाकली, ती चालेना, आणि दोन रात्री वैतागलो. तरी माझं मत, ही फाइल आणि डेव्हलपरची ओळखपडताळणी, दोन्ही सक्तीची हवीत. नाहीतर उद्या कुणीही माझ्या ॲपचं नाव सांगून जागा विकेल.

ऐरोलीची_मीडियावाली: फाइल ठीक. ओळखपत्राचा एवढा भरवसा कशाला? २०२५ मध्ये उघड झालेला स्लॉपॲड्स हा जाहिरात-घोटाळा बघा. २२४ ॲप्स, सगळी प्ले स्टोअरवरची, ३ कोटी ८० लाख डाउनलोड. स्टोअरवरून सरळ घेतलं तर ॲप साळसूद. जाहिरातीवरून आलात, तरच लपलेल्या वेबव्ह्यूत (ॲपमधल्या ब्राउझर-खिडकीत) खोट्या क्लिक सुरू. तपासणाऱ्याला काय कप्पाळ दिसणार?

खारघर_सेक्टर२०: आणि प्ले स्टोअरवर कमाई करणाऱ्या वैयक्तिक खात्याचा पूर्ण पत्ता सगळ्यांना दिसतो, ते? मी घरून काम करते. एकाने १ स्टार दिला, वर मेलमध्ये आमच्या सोसायटीचं नाव आणि विंग लिहून पाठवली. चोर दुसऱ्याचं खातं भाड्याने घेतो, जगजाहीर होतो तो माझा पत्ता.

वागळेइस्टेटकर: ताई, पत्त्याचं शंभर टक्के मान्य. तपासा, पण दाखवू नका. पण केवायसी असूनही सिमवरून फसवणुकीचे फोन येतात, म्हणून केवायसीच बंद करायची?

ऐरोलीची_मीडियावाली: बंद कोण म्हणतंय? पण वास्टफ्लक्स या दुसऱ्या घोटाळ्यात खऱ्या ॲपमधली जागा रीतसर विकत घेऊन तिच्यात एकावर एक २५ पर्यंत व्हिडिओ रचले होते. दिसायचा एकच. त्या डेव्हलपरची कितीही कागदपत्रं तपासा, तो निर्दोषच निघणार. आमच्याकडे एका क्लायंटच्या ॲपच्या दिवाळी जाहिरात-कॅम्पेनमध्ये क्लिक आणि इन्स्टॉल यांत २ सेकंदांचं अंतर यायचं. ॲप ४० एमबीचं! लोकलमध्ये कळव्याच्या आसपास कुणाला मिळतो एवढा स्पीड? इन्स्टॉल आधीच चालू होतं, मधेच खोटी क्लिक घुसवून इन्स्टॉलचं कमिशन लाटलं. जाहिराती पुरवणारं नेटवर्क म्हणे ट्रॅफिक बरोबर आहे. जाहिराती दाखवणाऱ्या ॲपवाल्यांचे पैसे ६० दिवस रोखा, सगळे सुतासारखे सरळ येतील.

वागळेइस्टेटकर: अहो, १०० डॉलर जमेपर्यंत ॲडमॉब पैसे सोडतच नाही. मला तिथवर पोचायला आठ महिने लागतात. त्यावर अजून ६० दिवस? तुमच्या क्लायंटला लुबाडलं त्या नेटवर्कने, आणि वाट मी बघायची?

ऐरोलीची_मीडियावाली: बरं, तुमच्यासारख्यांना सूट. अचानक उसळी मारणाऱ्या खात्यांचे तरी रोखा.

खारघर_सेक्टर२०: माझ्या ॲपने गणपतीत उसळी मारली होती. आरतीसंग्रह आहे. मग माझेही रोखणार का?

कोपरीचा_नवशिका: मधेच विचारतो, फाइल सबफोल्डरमध्ये चालत नाही? मी चार दिवस तेच करतोय.