डिझायरचे पुढचे टायर आतून खाल्ले, दोन बदलू का चारही?

फैजपूरवाला
राम राम मंडळी. गाडी २०१८ ची डिझायर, पेट्रोल व्हीएक्सआय, टायर शोरूमपासूनचेच, साइज १६५/८० आर १४. रनिंग ४७ हजारच्या आसपास. बरंचसं फैजपूर-भुसावळ, अधूनमधून जळगाव, आणि सासुरवाडी चाळीसगाव तिकडून कधी कन्नड घाट. परवा गाडी रॅम्पवर घेतली तर पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने पार तुळतुळीत, डावा जरा जास्तच, आणि बाहेर उभं राहून बघितलं तर नक्षी इतकी चांगली दिसते की कुणी म्हणणार नाही टायर गेले म्हणून. मागचे दोन बऱ्यापैकी आहेत.

टायरवाला म्हणतो चारही टाका आणि टाकताच आहात तर १८५ चे टाका, गाडी रुंद दिसते, रोडला चिकटून चालते. गॅरेजवाला म्हणतो पुढे दोन टाका बस, मागचे अजून वर्षभर जातील. मेव्हणा फोनवर कंपनीचं नाव सांगून मोकळा झाला. घरचे म्हणतात लग्नं उरकू द्या मग बघू. पाऊस तोंडावर आलाय आणि मला यातल्या कुणाचंच पटत नाहीये, जरा समजावून सांगा.

स्पॅनर_जळगाव
दादा, कंपनीचा विषय सगळ्यात शेवटी. आधी हे बघा की टायर आतूनच का खाल्ले, कारण ते कारण तसंच राहिलं तर तुम्ही कितीही भारी टायर टाका, तोही आतूनच खाईल, आणि नवीन टायर खाताना जीवाला जास्त लागतं.

टायर कुठून झिजला त्यावरून बरंच कळतं. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत, म्हणजे हवा कमी ठेवून गाडी पळवली. मधला पट्टा गेला आणि कडा चांगल्या, म्हणजे हवा जास्त. फक्त एकच बाजू गेली तर अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत, नाहीतर खालचं काहीतरी ढिलं. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल, हात फिरवला की वरखाली लागतं, तर शॉकअप संपलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय.

तुमचं दोन्ही पुढचे आतून आहे म्हणजे बहुतेक टो आउट, चाकांची पुढची बाजू बाहेरच्या अंगाला फाकलेली. गाडी सरळ चालते पण टायर रोज थोडा थोडा घासत ओढला जातो. एक करा, टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोटाला अडकत असेल तर या 'टो'चाच प्रॉब्लेम समजा.

पण डायरेक्ट अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी चढवू नका. आधी पुढचं चाक उचलून डावीकडून-उजवीकडून धरून हलवा, खेळ लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा चाकाजवळचा जोड. वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर बॉल जॉइंट (चाकाचा खालचा गोल सांधा) किंवा बेअरिंग. लोअर आर्म म्हणजे चाक धरणारा खालचा दांडा, त्याचे रबरी बुश फाटलेत का ते टॉर्च मारून बघायला सांगा. हे ढिलं असताना अलाइनमेंट केली तर मशीनवर आकडे हिरवे येतात आणि पहिल्याच खड्ड्यात परत बिघडतात, पैसे पाण्यात. आणि तुमचा तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, तिथे खड्डा मोजायचा का रस्ता मोजायचा हाच प्रश्न.

अजून एक, डिझायरला पुढे टो ॲडजस्ट होतो, कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, कंपनीने ॲडजस्ट करायला दिलेला नाही. कॅम्बर लाल दाखवत असेल तर कुठेतरी आर्म नाहीतर स्ट्रट (शॉकअपचा खांब) वाकलेला असतो, तो पार्ट बघावा लागतो. कुणी "कॅम्बर सेट करून देतो" म्हणत जॅक लावून ठोकाठोकी करायला लागला तर गाडी घेऊन निघून या.

वॅगनआर_अमळनेर
भाऊ मना बी हाऊच प्रश्न शे, मनी गाडीना टायर बी आतूनच खाई राह्यनात. वाची राह्यनू, लिखत ऱ्हा.

तापीकाठ
१८५ बद्दल मी बोलतो कारण आमच्याकडे या नादात बऱ्याच जणांनी टायर बदललेत.

तुमच्या टायरवर १६५/८० आर १४ ८५ टी असं लिहिलेलं असेल. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के साइडवॉलची उंची, १४ इंची रिम. ८५ हा लोड इंडेक्स, एक टायर ५१५ किलो झेलतो, आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंतची लायकी. आता हिशोब करा. १६५ चे ८० टक्के १३२, दोन्हीकडचे २६४, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६, एकूण चाक सुमारे ६२० मिमी उंच. दुकानदार १४ इंची रिमवर १८५/७० देणार, तो होतो सुमारे ६१५. फरक एक टक्क्याच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटं बोलणार नाही आणि टायर बसतोही. म्हणजे तो फसवत नाहीये एवढं नक्की.

पण मिळणार काय? ब्रेकला आणि वळणावर पकड थोडी वाढते, साइडवॉल थोडी बुटकी झाल्याने गाडी कमी डोलते. जाणार काय? स्टिअरिंग किंचित जड, मायलेज थोडं खाली, आणि टायर महाग. त्यात तुम्ही दोनच टायर बदलणार असाल तर पुढे १८५ मागे १६५ असलं काही करूच नका. कंपनीची साइज ठेवा. लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर मूळ टायरपेक्षा वर चालतं, खाली चालत नाही, हे बिलावर नाही तर टायरवर वाचून घ्या. समृद्धीवर १२० ने जाणारा माणूस स्वस्तात मिळाला म्हणून कमी लोडचा टायर टाकतो तेव्हा मला त्याच्या शेजारून गाडी काढायची भीती वाटते.

घाटवाली
दोन की चार यावर माझं मत वेगळं आहे, गॅरेजवाल्यांना हे आवडत नाही. दोनच टाकायचे असतील तर नवीन जोडी मागे लावा आणि मागचे बऱ्यापैकी असलेले पुढे घ्या.

स्पॅनर_जळगाव
ताई, डिझायरला ओढ पुढची, स्टिअरिंग पुढचं, ब्रेकचं जास्त वजन पुढे. सगळं काम पुढचे टायर करतात आणि नवीन माल मागे? गिऱ्हाईक मला वेड्यात काढेल.

घाटवाली
काढू द्या दादा. टायर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या हेच सांगतात आणि कारण पावसाचं आहे. रस्त्यावर पाण्याचा थर असला की कमी खाचांचा टायर पाणी बाहेर फेकू शकत नाही, पाण्यावर तरंगतो. पुढचे तरंगले तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी परत पकड घेते. मागचे तरंगले तर गाडीची शेपूट बाजूला फिरते, आणि ती आवरणं रोज गाडी चालवणाऱ्यालाही जमत नाही, घाबरून ब्रेक दाबला की अजूनच फिरते. कन्नड घाटातून भर पावसात उतरताना कुठली चाकं चांगली हवीत ते तुम्हीच ठरवा. पुढचे जास्त लवकर झिजतात हे खरंय, त्यासाठी ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागे करत राहा, पण निम्मे झिजलेले आणि कोरे असा फरक असेल तर कोरे मागे.

स्पॅनर_जळगाव
पावसाचं मान्य. पण मग पुढे घेतलेल्या जोडीत किती नक्षी उरलीय ते गेजने मोजूनच, नाहीतर पुढचे पण तरंगायचे.

घाटवाली
ते तर आहेच. नव्या टायरला ७-८ मिमी खाच असते. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतो, खाचांच्या आत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्या पट्टीला लागली की टायर बाद. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत बघायचं. पण १.६ ला थांबणं मला पटत नाही, पावसाळ्याआधी ३ च्या आत आलेला टायर मी ठेवत नाही. आणि फैजपूरवाले दादा, तुमचे आतून तुळतुळीत आहेत म्हणजे त्या जागी शून्य आहे, बाहेरून ५ मिमी असून काही उपयोग नाही. लग्नसराई संपायची वाट बघू नका.

कापूसकोंड्या_धुळे
हवेवर कुणी बोललंच नाही अजून.

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला जातो, डांबर त्याहून तापतं. लोक काय करतात, दुपारी पंपावर हवा चेक करतात, ३८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवते, पंपवाला भस्सकन हवा काढून ३३ करून देतो, आणि रात्री गाडी थंड झाली की टायरमध्ये २८-२९ उरते. मग आठवडाभर कमी हवेवर गाडी. कमी हवा म्हणजे साइडवॉल जास्त दुमडते, जास्त तापते, आणि उन्हाळ्यात १०० च्या स्पीडला टायर फुटतो तेव्हा दोष रोडला देतात. हवा कायम सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना बघायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा. बाहेरचं तापमान १० अंश वाढलं की साधारण दीड पीएसआय आपोआप वाढतं, चालवल्यावर अजून वाढतं, ते वाढलेलं काढायचं नसतं, ते धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. ओझं भरून लग्नाला चालला असाल तर त्याच स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असतो, तो घ्या.

नायट्रोजनचं विचाराल तर हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. फुकट देत असेल तर भरा, त्याच्यासाठी वाकडी वाट करू नका.

आणि शेताच्या रस्त्याला जात असाल तर बाभळीचे काटे. ट्यूबलेस टायर काटा पोटात घेऊन महिनाभर फिरतो, हळूहळू हवा सोडतो, आपल्याला कळतही नाही. एकच टायर वारंवार दोन-तीन पीएसआय कमी दाखवत असेल तर पाण्यात बुडवून बघायला लावा. नक्षीतलं पंक्चर निघतं, साइडवॉलला काप गेला किंवा खड्ड्यात आपटून फुगा आला तर मात्र पंक्चरवाल्याने कितीही भरोसा दिला तरी टायर फेकायचा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत.

केळी_ते_रावेर
आता मेव्हण्याच्या विषयावर येऊ. आमच्याकडे ठरलेलं आहे, प्रत्येक घराची एक कंपनी असते आणि बाकी सगळ्या बंडल असतात.

माझं म्हणणं एवढंच की कंपनीपेक्षा टायरचा स्वभाव बघा. सीएटचा मायलेझ किंवा अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ हे जास्त किलोमीटर देण्यासाठी म्हणूनच विकले जातात. मिशेलिन, योकोहामा यांच्याकडे लोक शांत आणि मऊ राइडसाठी जातात, थोडे जास्त पैसे मोजून. जास्त किलोमीटर देणारं रबर सहसा जरा टणक असतं, ओल्यात पकड तेवढी नसते, मऊ रबर चिकटतं पण लवकर संपतं. दोन्ही एकाच टायरात पुरेपूर देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला चहा पाजा आणि पुढच्या दुकानात जा. तुमचं रनिंग कमी आहे, आठ वर्षात ४७ हजार, म्हणजे तुमचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होणार. मग लाख किलोमीटरचा टायर घेऊन काय करणार? तुम्ही पावसातली पकड बघून घ्या.

आणि त्यावरून महत्त्वाचं. २०१८ चे टायर म्हणजे मागचे पण तेवढेच जुने. साइडवॉलवर डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्यापुढे शेवटचे चार आकडे बघा, १८१८ असेल तर २०१८ चा अठरावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कोरी असली तरी वापरायचा नाही असं कंपन्याच सांगतात, आणि आपल्या उन्हात तर मी दहाची वाट बघणार नाही. साइडवॉलला बारीक भेगा दिसतायत का बघा. दिसत असतील तर पुढे का मागे हा वाद इथेच संपला, चारही टाका. टायरवाल्याने त्याच्या फायद्यासाठी सांगितलं असेल, पण सांगितलं बरोबर असेल.

नवीन घेतानाही हाच नंबर बघा, सहा महिन्यांच्या आतला मागा, आणि चारही एकाच वेळचे. आयएसआय मार्क बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवर जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, बिल पक्कं घ्या आणि त्यावर टायरचा सिरियल नंबर टाकायला लावा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख देत नाही. ट्रकसारखा रबर चढवलेला किंवा खाचा परत कोरलेला जुना टायर कुणी स्वस्तात देत असेल तर कारला नको म्हणजे नको.

फैजपूरवाला
मंडळी, धन्यवाद. आज गाडी दाखवून आलो. डाव्या टाय रॉड एंडला खेळ निघाला, डाव्या लोअर आर्मचा बुश पण फाटलेला. हात फिरवून बघितला, बोटाला अडकतंय, स्पॅनर दादा म्हणाले तस्संच. मागच्या टायरवर नंबर ०९१८, नक्षी ४ मिमीच्या वर आहे पण साइडवॉलला रिमजवळ बारीक भेगा. म्हणजे चारच. १६५ चेच घेतोय, पार्ट बदलून मग टायर आणि मग अलाइनमेंट, याच क्रमाने. मेव्हण्याची कंपनी आहे का नाही ते सांगत नाही.

एकच राहिलं. स्टेपनी अजून कोरी आहे, एकदाही लावलेली नाही. ती चौथी म्हणून वापरात घेऊन तीनच नवीन घेतले तर?

केळी_ते_रावेर
स्टेपनीचा पण नंबर बघा दादा, ती पण २०१८ चीच निघणार. डिक्कीत ऊन लागलं नाही म्हणून वय थांबत नाही. रोजच्या चाकात नको. अडीअडचणीला पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला ठेवा, तेही तिच्यात हवा आहे का बघून. चार नवीन घ्या.

वॅगनआर_अमळनेर
मनी स्टेपनीमा हवाच नही निघनी. आते भरी आनस.