आरएक्स १०० चा अति आवळलेला प्लग : हेडचे आटे न घालवता कसा सोडवावा?

गंगापूररोडकर :
माझ्याकडे काकांनी वापरलेली १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. गाडी सुरू होते, परंतु प्लग काळा पडत असल्यामुळे ती मिस मारते. म्हणून प्लग बदलायला घेतला, तर तो जागचा हलेना. पूर्वी कोणीतरी तो लांब दांडा लावून आवळलेला असावा. गाडीच्या किटमधील नळीचा पाना आता घसरू लागला असून षटकोनाच्या कडा किंचित झिजल्या आहेत. जवळच्या गॅरेजमधील कारागीर पान्यात तीन फुटी पाइप घालून एका झटक्यात सोडवून देतो म्हणतात. पण प्लगबरोबर आटेही बाहेर येतील या धास्तीने मी त्यांना थांबवले आहे. शिवाय इंजिन गरम असताना प्लग काढावा की थंड असताना, याविषयी दोन्ही प्रकारचे सल्ले मिळतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अंबडचा लेथवाला :
पाइप लावू देऊ नका. १४ मिमीचा प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरवरील झाकणात) बसवायला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर जोर पुरतो. तीन फुटी पाइपच्या टोकाला नुसता तीस किलोचा भार दिला तरी तो अडीचशेच्या पुढे जातो. प्लगची खोळ पोलादी आणि आटे मऊ धातूचे, त्यामुळे काय आधी तुटेल हे सांगायला नकोच. (जुन्या ‘कास्ट आयर्न’ बुलेटवाल्यांनीही निर्धास्त राहू नये, तिचा बोअर (सिलिंडर) बिडाचा असला तरी हेड अॅल्युमिनियमचेच असते.)

किटमधला पाना बाजूला ठेवा आणि २१ मिमीचा, आतून सहा कोनांचा खोल सॉकेट आणा. बारा कोनांचा सॉकेट झिजलेल्या कडांवर हमखास घसरतो. प्लगभोवतीची माती हवेने उडवून बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर थांबा. मग दांडा सरळ धरून हळूहळू वाढता जोर द्या. प्लग जरासा हलला की लगेच पूर्ण काढण्याची घाई करू नये. पाव फेरा सैल करून पुन्हा थोडा आत घ्यावा, तेल सोडावे आणि असे पुढेमागे करत बाहेर आणावा, कारण आट्यांत अडकलेला कार्बन आणि धातूचा कीस सरळ ओढल्यास आट्यांना ओरखडत येतो.

पंचवटी टू-स्ट्रोक :
वरील सल्ला योग्य आहे. गरम-थंडचा प्रश्न मात्र राहिला. सर्वसाधारण नियम थंड इंजिनाचाच आहे, कारण तापलेले अॅल्युमिनियम आणखी मऊ होते आणि आटे सहज खरवडले जातात. तथापि अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून जाम झालेल्या प्लगपुरता अपवाद करायला हरकत नाही : इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि हेडवर हात क्षणभर टेकवता येईल इतके कोमट असताना प्रयत्न करावा. त्र्यंबकला जाऊन आल्या आल्या पाना लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

एवढे करूनही प्लग हलत नसेल, तर माझ्या मते हट्ट सोडून हेडच उतरवावे. या गाडीच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे टाकी बाजूला केली की हे काम सोपे आहे. टू-स्ट्रोकमध्ये हेड जागेवर असताना कीस आत पडला तर तो पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतील वाटांमधून) क्रँककेसमध्ये उतरून बेअरिंगपर्यंत पोहोचू शकतो. उतरवलेल्या हेडमध्ये ती भीती राहत नाही आणि ते सर्व बाजूंनी सारखे तापवताही येते. बसवताना हेड गॅस्केट नवे घालावे.

अंबडचा लेथवाला :
सहमत. आटे गेलेच असतील तरी हेड भंगारात टाकू नये. अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील चांगल्या लेथवर भोक मोठे करून १४ मिमी, १.२५ पिचचा पोलादी बुश (आतून आटे असलेली नळी) बसवून मिळतो. बुशाची लांबी मूळ आट्यांएवढीच हवी. तो आत डोकावला तर त्याची कडा तापून लाल होते आणि इंजिन अवेळी पेटू लागते.

गंगापूररोडकर :
आभारी आहे. उद्या सॉकेट आणतो. नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावावे का?

पंचवटी टू-स्ट्रोक :
लावू नये. नव्या प्लगवर बहुधा मुलामा असतो. त्यावर ग्रीस लावल्यास घर्षण कमी होऊन त्याच जोरात प्लग अधिक आवळला जातो, म्हणजे पुन्हा हाच चर्चेचा धागा उघडावा लागेल. प्लग नुसत्या बोटांनी वॉशर टेकेपर्यंत फिरवावा. मध्येच अडला तर आटे वाकडे धरले आहेत असे समजून काढून पुन्हा बसवावा. त्यानंतर नव्या वॉशरला पान्याने अर्धा फेरा, आणि दाबलेला जुना वॉशर असेल तर घड्याळातील तासाच्या एका घराएवढे वळण पुरे. अर्थात फार सैलही ठेवू नये, कारण प्लगची उष्णता त्या बैठकीतूनच हेडकडे जाते. स्प्लेंडरवाल्यांनी मात्र हे आकडे उचलू नयेत. तिचा प्लग १० मिमीचा असून त्याला १० ते १२ न्यूटन-मीटरच पुरतात.