अनुभव धागा : साठी उलटली तरी कामावर, आणि सरकारची डिजिटल झेप

पुण्याला सरकारी तंत्रज्ञानाची स्वप्नं नवी नाहीत. परम ८००० हा महासंगणक इथल्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ साली उभा केला. स्मार्ट सिटीच्या कामांचा शुभारंभ २५ जून २०१६ रोजी बालेवाडीत झाला आणि ते अभियान ३१ मार्च २०२५ ला गुंडाळलंही गेलं. आता केंद्राचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मिशन आहे, १०,३७२ कोटींचं. याच शहरात सोसायटीच्या फाटकावर, मंडईच्या गाळ्यावर, लोकांच्या मोरीत धुणीभांडी करताना साठी-सत्तरी उलटलेली माणसं दिसतात, कारण हातात येणारी पेन्शन औषधालाही पुरत नाही. यांच्या वाट्याला ते तंत्रज्ञान कसं येतं, हे जे रोज पाहतात त्यांनी लिहावं. आपली किंवा दुसऱ्याची जीवनकहाणी नको. काय अडतं, का अडतं, काय केलं की सुटतं, एवढंच.

सेवा केंद्र चालक, पद्मावती

सगळ्यांत जास्त वेळ आधारसाठीच्या बोटांच्या ठशांत जातो. भांड्यांची पावडर, सिमेंट, चुना, पोत्याचा काथ्या यांनी बोटावरच्या रेषा झिजतात, आणि वयाने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. लोक सवयीने अंगठाच पुढे करतात. अंगठाच सर्वांत जास्त घासलेला असतो. डाव्या हाताची अनामिका किंवा मधलं बोट आधी लावून बघावं.

आदल्या रात्री हाताला खोबरेल तेल चोळावं. सकाळी कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तरी कातडी रखरखीत वाटली तर पेट्रोलियम जेलीचा पुसट थर लावून लगेच पुसावा. बोट दाबून धरू नये, दाबल्याने रेषा सपाट होतात आणि यंत्राला काहीच दिसत नाही. यंत्राची काच कोरड्या कापडाने प्रत्येक माणसामागे पुसायची. यंत्र उन्हाच्या तिरिपेत ठेवायचं नाही. पावसाळ्यात उलटा त्रास, बोट दमट असतं, त्याला फक्त टॉवेल.

एवढं करूनही नाही लागलं तर पडद्यावरचा कोड बघा. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी फसवणुकीच्या भीतीने ते केलेलं असतं, आणि आजींना त्याचा पत्ता नसतो. ८११ म्हणजे त्या प्रकारचा डेटा आधारच्या साठ्यात नाहीच. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. ३३० ला आधारच्या ॲपमधून लॉक उघडला की काम झालं. ३०० वारंवार येत असेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट, त्याचे १२५ रुपये. अपडेट झाल्याचा मेसेज येईपर्यंत पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

बरेच चालक कोड सांगतच नाहीत, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणतात. त्या उद्यासाठी माणसाचा रोज बुडतो. कोड एका चिठ्ठीवर लिहून द्यावा, ही प्रत्येक केंद्रचालकाला माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या केंद्रावरचा माणूस तिथून सुरुवात करू शकतो.

पीएफचं काम पाहणारा, भोसरी

साठीनंतर माणसं का राबतात याचं उत्तर ईपीएस-९५ या पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या सूत्रात आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५,००० पगार धरून १५ वर्षांची सेवा असेल तर ३,२१४ रुपये. तेही पूर्ण हातात येत नाहीत, कारण १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० ची मर्यादा लागते. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच आहे. त्यामुळे कारखान्यातून सुटलेला माणूस पुढच्या महिन्यात सिक्युरिटी एजन्सीच्या गणवेशात दिसतो.

एजन्सीत काय चुकतं ते लिहितो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, पण ५८ वर्षं पूर्ण झाली की ते थांबले पाहिजेत आणि सगळे १२ टक्के पीएफ खात्यात यायला हवेत. महिन्याचं चलन भरणारा पोरगा जुनीच फाईल पुढे ढकलतो. मग महिन्याला १,२५० पर्यंतची रक्कम अशा फंडात जात राहते जिथून तिचा पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही. चलनात त्या माणसाच्या नावापुढे ईपीएस वेतन शून्य टाकायचं असतं, बस्स. पासबुकात तिसऱ्या, म्हणजे पेन्शनच्या रकान्यात आकडा दिसतोय का ते दर तीन महिन्यांनी बघा. दिसला तर एजन्सीला लेखी पत्र द्या. दुरुस्ती मालकाकडूनच प्रादेशिक कार्यालयात जाते, कामगाराला एकट्याने करता येत नाही.

याउलट, अजून पेन्शन सुरू केली नसेल आणि नोकरी टिकणार असेल तर पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलता येते. दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. हे कुणी आपणहून सांगत नाही.

ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याला, वयाची वरची मर्यादा नाही. पगार २१,००० पर्यंत असेल तर ७० वर्षांच्या वॉचमनचाही ०.७५ टक्का कापून बिबवेवाडीच्या रुग्णालयात उपचाराचा हक्क मिळायला हवा. १६,००० पगारावर ती कपात १२० रुपये होते. "तुमचं वय झालंय, तुम्हाला लागू नाही" असं एजन्सीने सांगितलं तर ते खोटं आहे.

आणि आता नवा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा असतो, १ ऑगस्ट २०२५ पासून. ज्याच्याकडे बटणाचा फोन आहे त्याचा यूएएन सुपरवायझरच्या फोनवरून निघतो, पासवर्ड सुपरवायझरकडे राहतो आणि मोबाईल क्रमांकही त्याचाच लागतो. सुपरवायझर नोकरी सोडून गेला की खात्याची किल्ली गेली. यूएएन निघताना क्रमांक स्वतःचाच टाकून घ्या, बटणाच्या फोनवरही ओटीपी येतो.

निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून आलेली चेहऱ्याची सोय खरोखर उपयोगी आहे. झिजलेल्या बोटांचा प्रश्न तिने बराच कमी केला. एका फोनवरून कितीही जणांचे दाखले काढता येतात, त्यामुळे ज्येष्ठ नागरिक संघात एक चांगला फोन पुरतो.

दोन ॲप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. आधी ऑपरेटर म्हणून फोनवाल्याचा चेहरा, मग पेन्शनरचा. पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, आधार, बँक खाते, मोबाईल जवळ हवेत. उजेड समोरून, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढून, डोळे एकदा मिटून उघडायचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी असेल तर थांबा.

अडतं ते नंतर. प्रमाण क्रमांक आला म्हणजे दाखला निघाला, एवढंच. पेन्शन देणाऱ्याने तो स्वीकारला का, ही वेगळी पायरी आहे. पीपीओचा एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी संस्था यादीतून चुकीची निवडली तर दाखला निघतो आणि नाकारला जातो. आठवड्याभराने जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती बघायलाच हवी. किती दाखले निघाले याचे आकडे सरकार अभिमानाने देतं. किती नाकारले गेले, किती जणांची पेन्शन त्यामुळे थांबली, हे त्याच्याच शेजारी छापलं पाहिजे. मला सरकारच्या तंत्रज्ञानावरचा विश्वास तिथेच कमी पडतो.

ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही, दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मात्र सरकारी निवृत्तांपैकी ज्यांनी पुन्हा नोकरी धरली आहे त्यांनी सावध राहावं. फॉर्मवर तसा प्रश्न असतो, आणि जीवन प्रमाणच्या नियमाप्रमाणे अशांना डिजिटल दाखला चालत नाही. त्यांनी कागदी दाखलाच बँकेत द्यायचा. "नाही" वर टिचकी मारून वेळ मारून नेणं पुढे महागात पडतं.

घरकामगारांसोबत काम करणारी कार्यकर्ती, दांडेकर पूल

सगळे फोनबद्दल लिहीत आहेत. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. वयाचा रकानाच या लोकांना आत घेत नाही.

ई-श्रम नोंदणी १६ ते ५९. घरेलू कामगार मंडळ १८ ते ६०. बांधकाम कामगार मंडळ १८ ते ६०, त्यात वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. श्रमयोगी मानधन या पेन्शन योजनेत तर चाळिशीनंतर शिरताच येत नाही. लाडकी बहीण ६५ पर्यंत. म्हणजे ज्या वयात शरीर थकतं पण काम सुटत नाही, त्या वयात संगणकाच्या लेखी ही बाई कामगार उरतच नाही. असंघटित कामगारांचा देशव्यापी डेटाबेस म्हणून ई-श्रमचं कौतुक २०२१ पासून ऐकतो आहोत. साठीपुढचा कामगार त्यात नव्याने नोंदवताच येत नसेल, तर त्या डेटावर आखलेल्या योजनेत तो कुठून येणार?

उरतं श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार, महिना १,५००. श्रावणबाळला वय ६५ हवं. वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. दोन घरची भांडी करणारी बाईसुद्धा महिन्याला १,७५० पेक्षा जास्त कमावते. खरं उत्पन्न लिहिलं की अर्ज बाद. ही मर्यादा बदलायला कुठलंही ॲप लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

बाबा आढावांच्या पेन्शन परिषदेची मागणी किमान वेतनाच्या निम्म्या पेन्शनची होती. ती आजही मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

बांधकाम मंडळात ज्यांची नोंदणी आहे त्यांनी एक करा. साठीनंतर नोंदणीच्या वर्षांनुसार वर्षाला ६,००० ते १२,००० निवृत्तिवेतन द्यायचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे, १० वर्षांपासून पुढे. जुनी ओळखपत्रं, नूतनीकरणाच्या पावत्या फेकू नका. ऑनलाइन नोंदणीच्या आधीची वर्षं सिद्ध करायला कागदच उपयोगी पडणार.

महात्मा फुले मंडई परिसर, पथारी संघटना

क्यूआर कोडचं थोडक्यात. आजी भाजी विकतात आणि कोड नातवाच्या खात्याचा असतो. दिवसाची विक्री नातवाकडे जाते, आजींच्या खात्यावर व्यवहार दिसत नाहीत, आणि पीएम स्वनिधी या पथारीवाल्यांच्या कर्ज योजनेतलं पुढचं कर्ज मागताना बँकेला दाखवायला काही उरत नाही. पहिलं कर्ज १०,००० चं १५,००० झालं, डिजिटल व्यवहारावर महिन्याला १०० रुपयांपर्यंत कॅशबॅक होता, पण हे सगळं ज्याच्या नावाचा कोड त्यालाच.

आवाज देणारा डबा घेताना महिन्याचं भाडं खात्यातून आपोआप कापलं जातं हे विचारून घ्या. डबा बंद पडला तरी भाडं चालू राहतं, तो परत केल्याची पावती घ्यावी लागते. मंडईच्या आतल्या बाजूला रेंज कमी, पैसे येतात पण डबा उशिरा बोलतो. तोवर गिऱ्हाईक स्क्रीन दाखवून निघून जातं. शंभरच्या वरची रक्कम डबा बोलल्याशिवाय सोडू नये.

सिमकार्ड स्वतःच्या नावावर ठेवा आणि चालू ठेवा. ९० दिवस वापर नसेल तर क्रमांक बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडे.

अंगठ्यावर पैसे काढताना "फेल झालं" म्हणाले आणि खात्यातून पैसे गेले, असं झालं तर चिठ्ठी मागा. पाच दिवसांत रक्कम परत आली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तक्रार स्वतःच्या बँकेत करायची, अंगठा घेणाऱ्याकडे नाही.

पद्मावती सेवा केंद्र, पुन्हा

निराधारचे पैसे डिसेंबर २०२४ पासून थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. "पैसे बंद झाले" म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांचे पैसे बंद झालेलेच नसतात, दुसऱ्या खात्यात पडत असतात. शेवटचं जे खातं आधारला जोडलं तेच सरकार धरतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, बँकेचं नाव दिसतं.

वैद्यकीय समाजसेवक, येरवडा

सत्तरीपुढच्यांसाठी वय वंदना कार्ड, २९ ऑक्टोबर २०२४ पासून, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. ईएसआय असलेल्यांनाही मिळतं. अडचण एकच. वय फक्त आधारवरचं धरतात, आणि अनेकांच्या आधारवर अंदाजाने घातलेलं साल आहे. जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून जन्मतारखेचा ग्राह्य पुरावा हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आजारी पडण्याआधी कार्ड काढा, भरती झाल्यावर ठसे आणि ओटीपी जुळवणं फार अवघड जातं.

पीएफवाले, भोसरी

साठीपुढच्यांना काम मिळवून देण्यासाठी केंद्राने १ ऑक्टोबर २०२१ ला सेक्रेड नावाचं पोर्टल काढलं. शिक्षण, अनुभव, कौशल्य भरायचं, मालक शोधतील. नोकरीची हमी नाही, हे सरकारनेच सांगितलं होतं. वॉचमन, हेल्पर, शिपाई यांची भरती फाटकावर तोंडओळखीने होते, तिथे अशा पोर्टलचा उपयोग नाही. हिशेब, तपासणी, प्रशिक्षण अशा कामांचा अनुभव असेल तर माहिती भरून ठेवायला हरकत नाही. अडल्यास १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथे माणूस फोन उचलतो.

कोणत्याही दाखल्यासाठी अर्ज केला की अर्ज क्रमांकाची पावती घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेला दिवसांची मुदत आहे. ती उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड होऊ शकतो. पावती नसेल तर अर्ज केलाच नव्हता, असं उत्तर येतं.