कागद दुमडला, पण अपूर्णांक कळला का?

पालवी
पाढे आणि फळा जरा बाजूला ठेवा. अपूर्णांक शिकवायचेत ना? मग मुलांच्या हातात रंगीत कागद द्या, गट करा, तक्ते सजवू द्या. हात चालले की डोकं आपोआप चालतं. फळ्यावर रीत सांगून मोकळं होणं म्हणजे मुलाची कल्पकता मारणं आहे.

खडूफळा
त्या ‘आपोआप’साठी एवढं लिहावं लागतंय. ४० मिनिटांच्या तासिकेतली २५ मिनिटं कापाकापीत आणि चिकटवण्यात गेली, तर मूल तेवढा वेळ डिंकाचाच विचार करतं. पट्टीवर तीन घड्या दिसल्या की ते ‘तृतीयांश’ म्हणतं, कारण ते रेघा मोजतं, भाग मोजत नाही. तीन रेघांनी भाग चार होतात. गटागटाला वेगळ्या लांबीचे कागद दिले तर एका गटाचा पाव दुसऱ्याच्या अर्ध्याहून मोठा निघू शकतो. मग तुलना करायची कशाची? आणि १/२ + १/३ = २/५ लिहिणारं मूल सुंदर तक्ता भिंतीवर लागल्यावरही तेच लिहितं. याला शिकणं म्हणायचं असेल तर माझा ठाम विरोध आहे.

पालवी
म्हणून कागदच नको? चूक मापाची आहे, कागदाची नाही. सगळ्यांना २४ सेंमीच्या पट्ट्या द्या. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ ने भाग जातो. अर्धा, पाव, अष्टमांश दुमडून होतात. तृतीयांश मात्र दुमडायला लावू नका, घडी सरकते. ८ आणि १६ सेंमीवर पेन्सिलीने खुणा करा. आता १२ सेंमीचा अर्धा आणि ८ सेंमीचा तृतीयांश टोकाला टोक लावून ठेवा: २० सेंमी. शेजारी २/५ ची पट्टी ठेवा, ती १० सेंमीसुद्धा भरत नाही. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं! हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. मग ४ सेंमीचे षष्ठांश मांडा, अर्ध्यात ३ बसतात, तृतीयांशात २. झाले ५/६. ‘छेद समान करा’ असं शंभरदा ओरडून हे कळणार आहे का?

खडूफळा
हे पटलं. पण मूळ पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं, तिथे सजावट होती. तुम्ही आता सांगितलेली कृती शिक्षकाने आधी बसून आखलेली आहे. प्रत्येक माप विचार करून घेतलंय. यात ‘आपोआप’ कुठे आहे?

गणितमाळ
अपूर्णांकांपर्यंत पोहोचायच्या आधीच मुलं हातच्याच्या वजाबाकीत कोलमडतात, त्यावर कोणी बोलत नाही. ४०२ − १७८ द्या. बरीच मुलं ३७६ लिहितात, कारण प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतात. १० काड्यांचे गठ्ठे आणि असे १० गठ्ठे बांधून केलेले शतक घ्या. दशक शून्य आहे, म्हणून आधी एक शतक सोडायचं, मग त्यातला एक दशक. उरले ३ शतक, ९ दशक, १२ एकक. गठ्ठ्याचं रबर मुलानेच काढलं पाहिजे. बाईंनी सुटे काढून दिले की सगळा अर्थ गेला.

जुनी पाटी
आणि घरी आजोबा शिकवतात ते चूक? १२ मधून ८ गेले ४, हातचा १. ७ आणि १ आठ, १० मधून ८ गेले २, हातचा १. १ आणि १ दोन, ४ मधून २ गेले २. उत्तर २२४. खाडाखोड नाही, शून्यापाशी अडणं नाही.

गणितमाळ
उत्तर बरोबर येतं हो. पण खालच्या अंकात १ का मिळवला हे विचारा, मुलाला सांगता येत नाही. शाळेत वरचा अंक खोडायचा, घरी खालच्यात मिळवायचा. मूल दोन्ही एकाच उदाहरणात करतं आणि उत्तर चुकतं. हे नुकसान कोण भरून देणार?

जुनी पाटी
कारण सांगत नाही हा शिकवणाऱ्याचा दोष, रीतीचा नव्हे. दोन भावंडांच्या वयातला फरक १० वर्षांनीही तेवढाच राहतो. वर १० एकक वाढवले, खाली १ दशक वाढवला. दोन्हींकडे १०च वाढले. तिसरीच्या मुलाला हे कळतं. आजवर न सांगता हे घोकून घेतलं, एवढी चूक कबूल. रीत मात्र सोडणार नाही.

गणितमाळ
वयाचं उदाहरण चांगलं आहे, घेते. तरी एका वर्गात एक रीत पक्की झाल्याशिवाय दुसरी आणू नये, यावर मी ठाम आहे.

तिसरी_ब
काड्या असोत की पट्ट्या, चौघांच्या गटात एक जण करतो आणि तिघं बघतात. साहित्य दोघांत एक द्या: एकाने मांडायचं, दुसऱ्याने तेच अंकांत लिहायचं, पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. आणि प्रश्न विचारून थांबा! अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि कारणांसह येतात. त्याला ना कात्री लागते ना डिंक.

पालवी
तक्ते सजवण्याचं मागे घेते. पण खडूफळा, पट्टीवरून अंकांवर कधी यायचं ते तरी सांगा. नुसता विरोध पुरेसा नाही.

खडूफळा
पहिल्याच दिवशी यायचं. प्रत्येक मांडणीखाली तीच गोष्ट अंकांत लिहायची. नंतर पट्ट्या दप्तरात. १/४ + १/६ द्या आणि आधी एवढंच विचारा: उत्तर अर्ध्याहून जास्त की कमी? वहीत रेघ काढून अंदाज, मग अंकांत ५/१२. पट्टी बाहेर काढायची ती पडताळ्यासाठी: ६ आणि ४ मिळून १० सेंमी. ज्याचा अंदाज चुकला त्यालाच पट्टी आधी द्या, बाकीच्यांना नंतर.