फकिरा आणि गंगाराम

इंग्रजांचा खजिना लुटणारा फकिरा हाच मराठी कादंबरीतला सर्वांत मोठा बंडखोर, हे मत मला अपुरे वाटते. अण्णाभाऊ साठे यांच्या या नायकामागे उपाशी वस्ती उभी आहे, आणि तो शरण जातो तेही आपल्या माणसांसाठीच. उलट रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’मधील (१९७१) गंगाराम शिंपी गावातल्या बड्यांपुढे एकटाच ताठ राहतो, त्या ताठपणाची झळ त्याच्या बायकोला सोसावी लागते, आणि मराठवाडी बोलीत ही सारी कथा सांगतेही तीच. आमच्याकडे मराठवाड्यात १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, पण गढ्यांतल्या बड्यांचा दरारा पुढेही राहिला. ज्यांच्या दारावरून रोज जावे लागते त्यांना नकार देणे मला अधिक अवघड वाटते.