३० मेच्या रात्री चॅम्पियन्स लीगची फायनल आणि आमची टर्फ लीग एकाच वेळी: मॅच कुठं सरकवू?

टर्फचा_मुनीम

मंडळी, सल्ला पाहिजे. कोल्हापुरात आमची सात-सात जणांची हौशी फुटबॉल लीग आहे. आठ संघ. बहुतेक पोरं उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावला कामाला जाणारी, दोन संघ कॉलेजचे, एक बँकवाल्यांचा. कळंब्याकडच्या एका टर्फवर (कृत्रिम गवताचं भाड्याचं मैदान) दर शनिवारी रात्री ९ ते ११ आमचं बुकिंग असतं. साखळीच्या शेवटच्या दोन मॅच शनिवारी ३० मे २०२६ ला आहेत, एक ९ ला, दुसरी १० ला. फायनल रविवारी ३१ ला रात्री ८ वाजता. चार संघांपैकी कुठले दोन फायनलला जाणार ते या शनिवारीच ठरणार.

त्याच रात्री बुडापेस्टला चॅम्पियन्स लीगची फायनल आहे. आजवर ती आपल्याकडं बारा-साडेबाराला सुरू व्हायची, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं. खेळायचं, कोपऱ्यावर आम्लेट-पाव खायचा, घरी जाऊन बघायची. यंदा युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, वेळ अलीकडं घेतलीय. तिथली संध्याकाळी ६, म्हणजे आपली रात्री साडेनऊ. आमच्या पहिल्या मॅचच्या बरोबर मध्यंतराला!

ग्रुपवर कालपासून दंगा चाललाय. निम्मे म्हणतात पुढच्या आठवड्यात ढकला, निम्मे म्हणतात वॉकओव्हर द्या. टर्फवाले म्हणतात पैसे परत नाहीत, बदली वेळ मिळेल, पण रिकामी असली तर. अशी वेळ कुणावर आली होती का? काय केलं?

पेठेतला_लेफ्टबॅक

भावा, खेळायचं हाय का बघायचं, ते आधी ठरवा. मॅच लावा ९ लाच. जो येईल तो खेळंल, जो येणार नाही त्यानं घरात बसून टाळ्या वाजवाव्यात.

टर्फचा_मुनीम

@पेठेतला_लेफ्टबॅक, बोलायला बरं आहे. एका संघाचे दोन्ही गोलकीपर आत्ताच "आम्ही नाही" म्हणून बसलेत.

मिरजकर_तिकटी

गेल्या वर्षी म्युनिकची फायनल बघायला रात्री साडेबाराला चहा ढोसून बसलो. पीएसजीनं इंटरला ५-० धुतलं, मध्यंतरालाच डोळे मिटायला लागले. यंदा साडेनऊला आहे म्हणजे देवच पावला म्हणायचा. माझं मत: त्या रात्री मॅच ठेवू नका. पुढच्या शनिवारी ठेवा, विषय संपला.

जुना_सेंटर_हाफ

विषय तिथंच सुरू होतो, तिकटीवाले. थोडं सविस्तर लिहितो, कारण हौशी स्पर्धांचं टायमिंग बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

मुनीम, एक गोष्ट पक्की धरा. हौशी मॅच पुढं ढकलायची नसते, अलीकडं ओढायची असते. पुढं ढकललेली मॅच दहातल्या सात वेळा होतच नाही. आज एका फायनलसाठी ढकलली, पुढच्या शनिवारी कुणाची सेकंड शिफ्ट लागते, कुणाचा पाय मुरगळतो, कॉलेजची पोरं गावाला जातात. मग एक दिवस ग्रुपवर "त्या मॅचचं काय झालं?" असा मेसेज येतो आणि त्याला कुणी उत्तर देत नाही.

यंदा तर पुढं जागाच नाही. ६ जून घ्याल तर मृग तोंडावर. टर्फमधून पाणी निचरून जातं हे खरं, पण कडकडाट सुरू झाला की लोखंडी खांब आणि जाळीच्या पिंजऱ्यात कुणी पोरं उभी करत नाही, आणि करूही नये. १३ जून म्हणाल तर तोवर वर्ल्डकप सुरू झालेला असणार. ११ जूनला मेक्सिको सिटीत पहिली मॅच, आपल्याकडं त्या रात्री साडेबारा. तिथून १९ जुलैपर्यंत ४८ संघ आणि १०४ मॅच. एका मॅचसाठी तुमची पोरं गळायला लागलीत, एकशे चार आल्यावर काय करणार? आपल्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागले की मग लीगबिग विसरा.

म्हणून अलीकडचे दिवस बघा. बुधवार-गुरुवार नको, त्याच आठवड्यात बकरी ईद आहे आणि चंद्रावर ती एक दिवस इकडं-तिकडं होते. तुमच्या संघांत मुस्लिम पोरं असणारच, त्यांना त्या दिवशी मॅचला बोलावणं बरं नव्हे. शुक्रवारी टर्फ मिळतं का बघा. नाहीतर त्याच शनिवारी संध्याकाळी लवकर.

एक बरं आहे, यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. मुहूर्त नाहीत, त्यामुळं "चुलतभावाचं लग्न आहे" हे कारण कुणी देऊ शकणार नाही.

सासुरवाडी_एक्सप्रेस

काका, लग्न नाही पण धोंडे आहेत की! आमच्या संघात तिघांची लग्नं नुकतीच झालीत. अधिक महिन्यातला शनिवार-रविवार म्हणजे जावयाला जेवणाचं आमंत्रण ठरलेलं. एकजण निपाणीला, एकजण इस्लामपूरला. चॅम्पियन्स लीगला नाही म्हणता येईल, सासूबाईंना कसं म्हणायचं?

जुना_सेंटर_हाफ

@सासुरवाडी_एक्सप्रेस, जेवण दुपारचं मागून घ्या. पुरणाचे धोंडे खाऊन रात्री धावता येत नाही, तेव्हा तुम्हाला राखीव खेळाडूंत बसवलं तर राग मानू नका.

साखळी_तज्ज्ञ

एका गोष्टीकडं कुणी बघितलेलं नाही. मुनीम म्हणतात शेवटच्या दोन मॅचवर फायनलचे संघ ठरणार. मग एक मॅच शुक्रवारी आणि एक रविवारी सकाळी, असं चुकूनही करू नका. मागून खेळणाऱ्याला किती गोलांनी जिंकायचं किंवा किती गोलांनी हरलं तरी चालतंय, हे आधीच कळतं.

१९८२ च्या वर्ल्डकपमध्ये हेच झालं. गटातली अल्जीरियाची शेवटची मॅच आदल्या दिवशी संपली होती. दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या गिहोनला त्याच गटातले पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले तेव्हा दोघांनाही हिशेब पाठ होता. जर्मनी १-० नं जिंकली की दोघंही पुढं. सुरुवातीलाच गोल झाला आणि उरलेला वेळ नुसतं इकडून तिकडं पासिंग. अल्जीरिया घरी गेली. १९८६ पासून गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी सुरू होतात त्या त्यामुळंच.

टर्फचा_मुनीम

@साखळी_तज्ज्ञ, मुद्दा पटला, पण आमच्याकडं टर्फ एकच. एकाच वेळी दोन मॅच कुठून खेळवू?

साखळी_तज्ज्ञ

एकाच वेळी नको, पण लागोपाठ ठेवा. एक संपली की दहा मिनिटांत दुसरी. मध्ये दोन दिवस गेले की फोनाफोनी होते, ती होऊ द्यायची नाही. पहिली कुठली आणि दुसरी कुठली याची चिठ्ठी सगळ्या कॅप्टनांसमोर काढा. गुण सारखे झाले तर गोलफरकाआधी आपापसातला निकाल धरता का? नसेल तर आता बदलू नका, मधेच नियम बदलला की भांडण नक्की. पुढच्या हंगामाला मात्र बदला.

इंग्लंड_रिटर्न

गंमत म्हणून सांगतो. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर फुटबॉलची मॅच थेट दाखवत नाहीत. मोठी मॅच लागली की लोक घरी बसतात आणि खालच्या डिव्हिजनच्या गावठी क्लबांचं तिकीट खपत नाही, म्हणून साठच्या दशकापासून ही बंदी आहे. शिवाय देशांच्या मॅचसाठी वरच्या लीग थांबतात तेव्हा तिथं नॉन-लीग डे करतात, २०१० पासून. त्या शनिवारी लोकांनी आपल्या भागातल्या छोट्या क्लबची मॅच बघायला जायचं. म्हणजे मोठ्यांनी छोट्यांना वाट द्यायची, अशी तिथली रीत आहे.

पेठेतला_लेफ्टबॅक

@इंग्लंड_रिटर्न, मग करा की युएफाला फोन. म्हणावं कळंब्याला आमची मॅच हाय, तासभर थांबा.

इंग्लंड_रिटर्न

करतो, फक्त मुनीमांनी लेटरहेड द्यावं. पण यातून एक कामाची गोष्ट घेता येईल. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये देशांच्या मॅचसाठी क्लब लीग थांबतात, त्या शनिवार-रविवारी प्रीमियर लीग नसते. पुढच्या हंगामात तुमच्या मोठ्या मॅच तिथं टाका. आणि एक लक्षात ठेवा. इंग्लंडातली रविवारची साडेचारची मॅच ऑक्टोबरअखेरपर्यंत आपल्याकडं रात्री ९ ला लागते. मग तिकडची घड्याळं एक तास मागं जातात आणि तीच मॅच मार्चअखेरपर्यंत १० ला. आठ ते साडेनऊचा स्लॉट हिवाळ्यात या मॅचच्या आड येत नाही, बाकी वेळी शेवटचा अर्धा तास भांडणात जातो.

गोलकीपर_ताई

मुनीमदादा, आमच्या मुलींच्या संघाचं बुकिंग मी बघते, त्यामुळं टर्फवाल्यांशी कसं बोलायचं ते सांगते. "रिकामी वेळ आहे का?" असं विचारूच नका. मे महिन्यात शनिवारची संध्याकाळ रिकामी नसतेच. कुणाची वेळ आहे ते विचारा. साडेसहा ते साडेआठ बहुतेक बॉक्स क्रिकेटवाले असतात. त्यांच्या कॅप्टनचा नंबर टर्फवाल्यांकडून घ्या आणि थेट अदलाबदल मागा. तुमचा ९ ते ११ त्यांना, त्यांचा साडेसहा ते साडेआठ तुम्हाला. चॅम्पियन्स लीगशी त्यांचं देणंघेणं नसतं. टर्फवाल्यांचं भाडं बुडत नाही, म्हणून तेही आडवे येत नाहीत. फक्त त्या दिवशी आयपीएलची मॅच आहे का ते बघून मग फोन करा. साडेसातला आयपीएल असेल तर ते तुमच्यापेक्षा खूश होतील किंवा तुमच्यापेक्षा चिडतील. आधी खेळून नंतर मॅच बघायचा त्यांचा बेत असेल, तर रात्री दहाला त्यांना कशाला खेळायचंय?

सकाळी सहाचा पर्याय वाईट नाही, दरही कमी असतो. पण शुक्रवारी रात्रपाळी केलेला पोरगा शनिवारी सकाळी सहाला येत नाही, हे मी कारखान्यातल्या माणसाची बायको म्हणून सांगते. दुपारी चार तर मुळीच नको. मेमध्ये कृत्रिम गवत इतकं तापतं की गुडघा टेकला तरी चटका बसतो.

टर्फचा_मुनीम

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. साडेसहाला ऊनही उतरलेलं असतं. पण वळीव आला तर? आपल्याकडं मेअखेरचा वळीव नेमका पाच ते सातच्या मध्येच गाठतो.

गोलकीपर_ताई

आला तर अर्धा तास थांबा. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या ऐवजी वीस-वीस खेळवा. एवढं आधी लिहून चारही कॅप्टनांचा होकार ग्रुपवर घेऊन ठेवा, तोंडी नको. रेफ्रींना मात्र सगळ्यात आधी विचारा. पोरं जमवता येतात, पण शनिवारी संध्याकाळी ऐनवेळी रेफ्री मिळत नाही.

मिरजकर_तिकटी

आणि वीजच गेली तर?

गोलकीपर_ताई

तर बुडापेस्ट पण दिसणार नाही, दादा.

खंडोबाचा_भक्त

एक वेगळा मुद्दा. अशी सवलत द्यायला लागलात की दर आठवड्याला कुणीतरी येणार. आज चॅम्पियन्स लीग, उद्या एल क्लासिको (रिअल माद्रिद-बार्सिलोना), परवा मँचेस्टर-लिव्हरपूल. गेल्या ऑक्टोबरात २६ तारखेला एल क्लासिको रात्री पावणेनऊला होती, आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये त्या दिवशी एका संघाकडून चारच टाळकी आली. मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?

माझ्या मते मॅच बदलायचीच असेल तर ती शाहू स्टेडियमवर आपल्या पाटाकडील-शिवाजी या दोन संघांची मॅच लागली की बदलावी. ती गॅलरीत बसूनच बघायची असते. माद्रिदची मॅच मोबाइलवर दुसऱ्या दिवशी सुद्धा दिसते.

जुना_सेंटर_हाफ

भक्ताचं अर्धं बरोबर आहे. सवलतीला कुंपण पाहिजे. आम्ही असं लिहून ठेवलं होतं: वर्ल्डकप, युरो आणि चॅम्पियन्स लीग यांची फक्त फायनल, आणि शाहू स्टेडियमवरच्या मोठ्या स्पर्धेची फायनल. बाकी कशासाठीही तारीख हलणार नाही, सेमीफायनलसाठी सुद्धा नाही. मागणी दहा दिवस आधी, दोन्ही कॅप्टनांची मिळून. नवी तारीख जुन्या तारखेच्या अलीकडचीच. टर्फचा जो जादा खर्च येईल तो मागणाऱ्या संघानं भरायचा. ही शेवटची अट टाकल्यावर निम्म्या मागण्या आपोआप बंद झाल्या.

आणि किमान खेळाडूंचा आकडा लिहा. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये सातपेक्षा कमी माणसं असतील तर मॅच सुरूच होत नाही, हे नियमात आहे. सात-सातच्या लीगला तुमचा आकडा तुम्हालाच ठरवावा लागतो. पाच ठेवा. नाहीतर चार पोरं घेऊन एखादा हट्टी कॅप्टन उतरतो, १२-० हरतो आणि तुमचा सगळा गोलफरक बिघडवून ठेवतो.

टर्फचा_मुनीम

अपडेट देतो. बॉक्स क्रिकेटच्या कॅप्टनशी बोललो. आमच्याच शेजारच्या वर्कशॉपमधला निघाला. तो तयार आहे, फक्त म्हणाला ९ ते ११ नको, साडेनऊ ते साडेअकरा द्या, पोरं जेवून येतील. टर्फवाल्यांनी त्याला हो म्हटलं. आमच्या मॅच आता साडेसहा आणि साडेसातला, लागोपाठ. चिठ्ठी उद्या काढतो. एक रेफ्री मोकळे आहेत, दुसऱ्यांचं उद्या कळेल. धोंड्यांची जेवणं दुपारी आटपायची, हे तिन्ही जावयांनी कबूल केलंय.

मॅच झाल्यावर टर्फच्या बाहेरच्या शेडमध्ये प्रोजेक्टर लावून एकत्र बघायचा विचार आहे. सोनी लिव्हचं सब्स्क्रिप्शन एकाकडं आहे.

मिरजकर_तिकटी

मोबाइलवरून लावणार असाल तर शेजारी कुणाच्या घरात टीव्ही चालू नाही ना ते बघा. ॲप टीव्हीच्या मागं असतं. तुमचा गोल व्हायच्या आधी शेजारून ओरडा ऐकू येतो आणि सगळी मजा जाते.

पेठेतला_लेफ्टबॅक

प्रोजेक्टर लावणार असाल तर मी येतो. कुठल्या संघात माणूस कमी पडत असेल तर बूट घेऊनच येतो, लेफ्टबॅकला.

टर्फचा_मुनीम

@पेठेतला_लेफ्टबॅक, नोंदणी ३१ मार्चला बंद झालीय, खेळायला घेता येणार नाही. पण दुसऱ्या रेफ्रींचं जमलं नाही तर लाइनवर एक माणूस लागेल. साडेसहाला या.