मास्क लावल्यावरच पाण्यात स्पष्ट का दिसतं?

खाडीकाठ: तारकर्लीला पाण्यात डोळे उघडले तर स्वतःची बोटं पण धुरकट, मास्क लावला की माशाचे खवले सुद्धा क्लिअर. काच तर साधी सपाट आहे, मग असं का?

दर्यावर्दी: काच नाही रे, आतली हवा काम करते. डोळ्याची जवळपास दोन तृतीयांश फोकस करायची ताकद पुढच्या कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, पण हवेतून प्रकाश आत शिरताना जोरात वळतो म्हणून. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) १.३३, कॉर्नियाचा १.३८च्या आसपास, फरकच उरला नाही तर किरण वळणार कसे?

खाडीकाठ: मग मासे कसे बघतात?

बांगडाप्रेमी: त्यांच्या डोळ्यातलं भिंगच गोल असतं, किरण वळवायचं काम तेच करतं. तिखल्यातल्या बांगड्याच्या डोळ्यातून पांढरी टणक गोटी निघते ना, तेच ते, शिजून पांढरं झालेलं!